विषारी नव्हतं ते, घोरपडीचं पिल्लू होतं

सकाळी गावाच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. सोयाबीनच्या बांधावर काठ्यांनी ठेचलेलं पिल्लू, काळपट अंगावर पिवळे ठिपके. खाली लिहिलेलं, "लई विषारी, दिसलं की मारा." आणि त्यावर अंगठ्यांची रांग!

अरे, घोरपडीचं पिल्लू होतं ते. मोठी घोरपड मातकट-करडी असते म्हणून सगळे ओळखतात. पिल्लू गडद असतं, पिवळसर ठिपक्यांच्या आडव्या ओळींचं. वय वाढलं की ही नक्षी विरते.

रंग सोडा, नाकपुडी बघा. तिरकी, चिरेसारखी, आणि मुस्कटाच्या टोकाला नाही, बरीच मागं डोळ्याकडं सरकलेली. डोळ्याला पापणी, मागं कानाचं भोक, चार पाय, प्रत्येकाला पाच वाकडी नखं. सापाला यातलं काहीच नसतं. सरड्यासारखी पाठीवर काट्यांची रांग नाही. शेपूट धडापेक्षा लांब, दोन्ही बाजूंनी चपटी. पालीसारखी तुटून परत येत नाही. पूर्ण वाढलेली घोरपड शेपटीसकट पावणेदोन मीटरपर्यंत भरते.

जीभ तेवढी सापासारखी दुभंगलेली. तिनं ती वास घेते. व्हिडिओतलं पिल्लू तेच करत होतं, आणि "विष फेकतंय" म्हणत काठी पडली.

कोंबडीची अंडी, पिल्लं खाते, मान्य. चावली तर जखम साबणानं धुऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागतं. पण शेतातले उंदीर, भुंगे, अळ्या कोण खातं?

घरात शिरली तर कोपऱ्यात कोंडू नका. कोंडली की फुगते, फुसकारते, शेपटीचा फटका मारते. कुत्रं बांधा, दार उघडं ठेवा, दहा हात लांब थांबा. कोरड्या विहिरीत पडली तर पोतं गुंडाळलेली लांब फळी तिरकी सोडा, नखं रोवून वर येते. नाहीच जमलं तर वनविभागाचा हेल्पलाइन नंबर १९२६ लावा.

आणि ती 'हत्ताजोडी'! देवघरात ठेवता ती झाडाची मुळी नाही, नर घोरपडीचं वाळवलेलं लिंग आहे. त्यासाठी जनावर मारलं जातं, आणि तुम्ही त्याला हळदकुंकू वाहता. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात घोरपड अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षणाच्या यादीत आहे. मारली तर ३ ते ७ वर्षं कैद.

व्हिडिओ टाकणारं पोरगं वाईट नाही, घाबरलं होतं. बाळा, तो व्हिडिओ काढून टाक. त्याच ग्रुपवर नाकपुडी कुठं असते तेवढं लिही.