‘गृहीतक म्हणजे अजून सिद्ध न झालेलं प्रमेय’?

लेखातलं हे वाक्य कृपया दुरुस्त करावं, मुलं नेमकी इथेच अडकतात. मी डिचोलीत नववी-दहावीच्या मुलांना भूमिती शिकवते. आमच्या गोव्यात माध्यमिक शाळा बहुतेक इंग्रजी माध्यमाच्या, त्यामुळे मुलं ‘पोस्ट्युलेट’, ‘थिअरम’ पाठ करून येतात. ‘पोस्ट्युलेट’साठी ‘गृहीतक’ हा शब्द सांगितला की चेहरे उजळतात : गृहीत धरलेलं! सिद्धतेला कुठून तरी सुरुवात करावी लागते. तो आरंभ म्हणजे गृहीतक आणि त्यावरून तर्काने जे मिळतं ते प्रमेय.

प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडने भूमितीसाठी पाच गृहीतकं मांडली. पाचवं, समांतर रेषांबद्दलचं, उरलेल्या चारांवरून सिद्ध करायला लोक दोन हजार वर्षं झटले. शेवटी रशियन गणिती लोबाचेव्हस्कीने 1829 मध्ये आणि हंगेरीच्या बोयाईने 1832 मध्ये ते नाकारून वेगळीच भूमिती प्रसिद्ध केली. त्या भूमितीत त्रिकोणाच्या कोनांची बेरीज 180 अंशांपेक्षा कमी भरते! म्हणजे आपलं 180 चं प्रमेय त्या पाचव्या गृहीतकावर उभं आहे. मला स्वतःला हे कळलं तेव्हा रात्रभर झोप आली नव्हती.

आणखी एक. कोणतं विधान गृहीतक, हे त्या विधानावर कोरलेलं नसतं. त्रिकोणांच्या एकरूपतेची बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटी, म्हणजे दोन बाजू आणि त्यांमधला कोन सारखे असले की त्रिकोण एकरूप, युक्लिडने सिद्ध केली, एक त्रिकोण दुसऱ्यावर ठेवून. पण ‘उचलून ठेवणं’ कोणत्या गृहीतकात बसतं? जर्मन गणिती हिल्बर्टने भूमितीच्या 1899 च्या मांडणीत तिचा गाभाच गृहीतकांत घेतला. शिक्षकांनी वर्गात हे जरूर सांगावं.