कोडेक बदलला, तरी डिस्क ११ दिवसांतच का भरते?

नमस्कार. तुमची तक्रार रास्त आहे. ‘एच.२६४ वरून एच.२६५ वर गेलात की जागा जवळपास निम्मी लागते’ हे वाक्य मी सीसीटीव्हीवरच्या लेखात तसंच मोकळं सोडलं होतं. (एच.२६४, एच.२६५ हे कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धती.) तुम्ही आठही कॅमेऱ्यांचा कोडेक बदललात, तरी ४ टीबीची डिस्क ११ दिवसांतच भरतेय, वर रात्रीचे चेहरे पुसट येताहेत. वाक्य दुरुस्त करतो. पण ‘कॉम्प्रेशन म्हणजे निव्वळ जाहिरातबाजी’ हे काही पटलं नाही.

उत्तर तुम्हीच लिहिलेल्या सेटिंगमध्ये आहे: सीबीआर (कॉन्स्टंट बिटरेट), ४०९६ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ४०९६ किलोबिट. सीबीआर म्हणजे रतीब. समोर रिकामी भिंत असो की गर्दी, सेकंदाला ठरलेले बिट्स खर्च व्हायचेच. १ एमबीपीएसला (१००० केबीपीएस) दिवसाला १०.८ जीबी लागतात, म्हणजे ४०९६ केबीपीएसला ४४.२ आणि आठ कॅमेऱ्यांना सुमारे ३५४ जीबी. ४००० भागिले ३५४, झाले ११.३ दिवस. या हिशेबात कोडेक कुठे आला? एच.२६५ ने तेवढ्याच जागेत चित्र थोडं सुधारलं, इतकंच. जागा वाचवायची तर बिटरेट आपल्या हाताने खाली आणावा लागतो.

व्हीबीआर निवडा (यात दृश्यानुसार बिटरेट कमी-जास्त होतो), कमाल मर्यादा २०४८, १५ एफपीएस (सेकंदाला १५ फ्रेम), आय-फ्रेम (अख्खं चित्र साठवणारी फ्रेम) अंतर ३०, म्हणजे दर दोन सेकंदांनी एक. सगळे कॅमेरे अखंड मर्यादेला टेकले, तरी २२ दिवस निघतात.

आता चेहरे. बिटरेट आणखी उतरवायची भीती वाटणं साहजिक आहे, पण आधी दोष कशाचा ते पाहा. चालत्या माणसावर क्लिप थांबवून एकेक फ्रेम पुढे न्या. मागची भिंत स्वच्छ आणि माणूस मात्र चालण्याच्या दिशेने फासल्यासारखा दिसत असेल, तर दोष शटरचा, म्हणजे एका फ्रेमसाठी प्रकाश आत घेण्याच्या वेळेचा. १/२५ सेकंदाच्या शटरमध्ये कॅमेऱ्यासमोरून आडवा जाणारा माणूस साधारण साडेपाच सेंटीमीटर सरकतो. चेहऱ्याच्या रुंदीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. तो तपशील सेन्सरवरच पुसला गेलेला असतो, बिटरेट दुप्पट केला तरी परत येत नाही. शटर १/१०० करा, आणि चित्र काळवंडेल म्हणून दिवा वाढवा.

भिंतीवरच मुंग्या वळवळत असतील, तर तो गेनचा नॉइज: अंधारात कॅमेरा सिग्नल वाढवतो, त्याबरोबर आलेले दाणे. दर फ्रेमला दाणे बदलतात, एन्कोडरला (व्हिडिओ दाबणाऱ्या भागाला) ती हालचाल वाटते आणि चेहऱ्यासाठीचे बिट्स दाण्यांवर उधळले जातात. इथेही औषध प्रकाशच. नॉइज रिडक्शन शेवटच्या टोकाला नेऊ नका, चालत्या माणसामागे भुतासारखी सावली ओढली जाते.

चेहऱ्यावर चौकोनी ठोकळे दिसत असतील, किंवा दर दोन सेकंदांनी चित्र क्षणभर लखलखीत होऊन पुन्हा मळत असेल, तर मात्र बिटरेटच अपुरा आहे. मग फक्त दाराच्या कॅमेऱ्याला ३०७२ किंवा ४०९६ द्या आणि जिथे दिवसभर काही हलत नाही तिथून कापा. आठही कॅमेऱ्यांना एकच आकडा देणं हा शुद्ध आळस.

‘एच.२६५+’ सारख्या स्मार्ट मोडबद्दल विचारलंत. जागा खरंच वाचते, कारण दृश्य शांत असताना आय-फ्रेममधलं अंतर ताणलं जातं. पण मग उलटं प्लेबॅक अडखळतं आणि क्लिप हव्या त्या सेकंदाला कापता येत नाही. गोदामाला चालेल, दाराला नको.

बदल केल्यावर एक रात्र जाऊ द्या आणि प्रत्येक कॅमेऱ्याचं तासाभराचं रेकॉर्डिंग किती मोठं झालं ते बघा. २०४८ ला ते फार तर ०.९२ जीबी होतं. रात्रभर प्रत्येक तास तिथेच चिकटलेला दिसला, तर तो कॅमेरा मर्यादेवर आदळतोय. आधी त्याचा प्रकाश बघा, मग मर्यादा वाढवा.