सफारी हा इंग्रज शिकाऱ्यांचा शब्द नाहीये

सुट्ट्यांचं प्लॅनिंग सुरू झालं की एक मेसेज ग्रुपवर हमखास येतो: सफारी हा इंग्रज शिकाऱ्यांनी काढलेला शब्द, मूळ अर्थ शिकार, आपल्या 'सफर'शी साम्य हा योगायोग, आणि जीप नि वाघ नसेल तर ती सफारीच नव्हे. चारही गोष्टी चूक आहेत आणि लोक खुशाल पुढे ढकलतात, म्हणून लिहितोय.

इंग्रजांनी काढला म्हणे. अहो, शब्द स्वाहिलीतला आहे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अरबांशी शेकडो वर्षं व्यापार चालायचा, अरबीतला 'सफर' तिथे सफारी झाला, अर्थ सरळ प्रवास. इंग्रज प्रवासी रिचर्ड बर्टन १८५७ मध्ये टांगानिका सरोवराकडे निघाला आणि त्याच्या लिखाणातून हा शब्द इंग्रजीत गेला असं साधारणपणे मानतात. म्हणजे इंग्रजांनी तो तिथल्या लोकांकडून उचलला.

शिकारीचं तर मला सगळ्यात खटकतं, कारण त्यात खरे सफारी करणारे लोकच पुसले जातात. किनाऱ्यावरच्या बागामोयोपासून आत उजीजीपर्यंत काफिले चालायचे, जाताना कापड, मणी, तार आणि येताना हस्तिदंत, आणि हे सगळं ओझं तिथल्या न्यामवेझी जमातीच्या हमालांच्या डोक्या-खांद्यावर, महिनोन्महिने पायी. त्याच वाटांनी गुलामांनाही चालवत नेलं जायचं, हेही विसरून चालणार नाही. ह्या पायपिटीला सफारी म्हणत. बंदूकवाल्या साहेबांची सफारी जगभर गाजली ती नंतर, १९०९ मध्ये अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट केनियात गेला तेव्हा, आणि त्याचंसुद्धा सामान वाहायला सुमारे २५० हमाल होतेच. पुढे १९७७ मध्ये केनियाने शिकारीवर बंदी घातली, सफारी मात्र चालूच आहेत. मूळ अर्थ शिकार असता तर हे कसं झालं असतं?

आता योगायोग. अरबीत स-फ-र हा धातू, त्यातून सफर आणि मुसाफिर. हे दोन्ही फारसीतून आपल्याकडे आले, त्यावरच आपण मुशाफिरी म्हणतो. स्वाहिलीत प्रवाशाला म्साफिरी म्हणतात आणि काफिल्याला म्साफारा. मोठ्याने म्हणून बघा, हा योगायोग वाटतो का.

राहिला वाघ. आफ्रिकेच्या जंगलात वाघ नसतातच, तिथेच मेसेज बाद! टांझानियातल्या दार-एस-सलामहून कुणी बसने गावी लग्नाला निघालं तरी ती सफारीच, निरोप देताना 'सफारी न्जेमा' म्हणतात, म्हणजे आपलं हॅपी जर्नी. झांबियात साउथ लुआंग्वाला तर चालत सफारी करतात, जीपच नाही.

आणि ह्या समजुतीचा त्रास ताडोबात दिसतो. गाइड जिप्सी थांबवून अर्जुनाच्या पांढुरक्या खोडावर अस्वलाच्या नखांचे ओरखडे दाखवतो, मधासाठी अस्वल किती वर चढलं होतं ते सांगत असतो, आणि मागच्या सीटवरून आवाज येतो की ते राहू द्या, टायगर कुठंय, मग गेटवर आल्यावर सफारी फुकट गेली म्हणून त्याच गाइडवर चिडचिड. रानगवे दिसले, रानकुत्रे दिसले, चार तास जंगलात फिरलात, ती सफारी पूर्ण झालेली असते, त्या गाइडला नीट थँक्यू म्हणा.