पनीरला मीठ नव्हतं

डावा गुडघा सोलवटलाय, उजव्या सँडलचा बंद गोदापार्कच्या चिखलात राहिलाय, आणि हे सगळं शंभर ग्रॅम पनीरमुळे झालं असं मी सांगितलं तर बायको म्हणते, "पनीरला कशाला बोल लावतोस?"

थोडक्यात सांगतो. आमचा कुत्रा लॅब्रॅडॉर, वय 14 महिने, वजन 28 किलो. मुलीने हट्टाने आणला, मफिन असं नाव ठेवलं आणि पुण्याला शिकायला निघून गेली. आईला मफिन म्हणता येत नाही. ती माफी म्हणते, आणि त्याला तेवढंच कळतं. त्यामुळे रोज सकाळी गंगापूर रोडच्या गल्ल्यांमधून मी पुढे झुकून, "माफी! माफी!" असं ओरडत फरफटत जात असतो. निम्मे लोक "असू द्या हो" म्हणतात.

माफी चावरा नाही. त्याला प्रेमाचा झटका येतो. दुसरा कुत्रा दिसला की हा मागच्या दोन पायांवर, जीभ बाहेर, घसा फाडून, वरातीत बँजो सुरू झाल्यावर सुटलेल्या मावसभावासारखा. समोरच्याला हे प्रेम वाटत नाही. कुत्र्यांच्या रीतीत नाकासमोर सरळ धावत येणं हा उद्धटपणा. सभ्य कुत्रा वळसा घेऊन, जमीन हुंगत, बाजूने येतो. माफीला वळसा माहीतच नाही.

म्हणून एक ट्रेनर ताई लावल्या. त्यांनी पहिला महिना मलाच शिकवलं. बेल्ट आवळू नका. तुम्ही आवळला की त्याला वाटतं संकट आलं. ओरडू नका; त्याला वाटतं तुम्हीही भुंकताय. आणि अंतर ठेवा. दुसरा कुत्रा दिसतोय पण डोकं अजून ठिकाणावर आहे, अशा जागी थांबायचं आणि दिसल्या दिसल्या तोंडात काहीतरी चविष्ट द्यायचं. हळूहळू अंतर कमी करायचं. दुसरा कुत्रा म्हणजे धिंगाणा हे जाऊन दुसरा कुत्रा म्हणजे खाऊ हे डोक्यात बसलं पाहिजे. पावलोवचं तत्त्व, म्हणाल्या. (पावलोवला 1904 साली नोबेल मिळालं ते पचनसंस्थेच्या अभ्यासासाठी. हे लक्षात असू द्या, पचनाचा विषय पुढे येणार आहे.)

आता ते 'डोकं ठिकाणावर' ओळखायचं कसं? नाशिककराला हे शिकवावं लागत नाही. आम्ही गोदावरीचा पूर नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला. माफीचंही तसंच. कान टवकारले, गुडघा. शेपूट ताठ, कमर. तोंड मिटून नजर एका जागी खिळली, छाती. त्याच्या वर गेलं की पनीर सोडा, सोनं दाखवलंत तरी दिसत नाही.

पनीर का, तर ताईंनी उकडलेलं चिकन सांगितलं होतं, आणि श्रावण लागला. आई म्हणाली, "कुत्रा झाला म्हणून काय, श्रावण सगळ्यांना असतो." मग पनीर. बारीक वीस तुकडे, कमरेच्या पाउचमध्ये. पाउचला वेल्क्रो. उघडताना खर्रर्र होतं.

तर परवा गोदापार्कात एका बाकाच्या अलीकडे मी जागा धरली. पलीकडे चाळीसएक फुटांवर मास्तर झोपलेला. मास्तर म्हणजे तिथला काळा रस्त्यावरचा कुत्रा, कानाचं टोक कापलेला. नसबंदी करून, लस टोचून परत त्याच जागी सोडलेल्या कुत्र्याची ती खूण. अत्यंत विरक्त जीव. माफीने पाहिलं, कान टवकारले. मी खर्रर्र केलं, पनीर दिलं. पुन्हा पाहिलं, पुन्हा दिलं. तिसऱ्यांदा त्याने मास्तरकडे पाहिलं आणि आपणहून मान वळवून माझ्याकडे पाहिलं. सहा आठवड्यांत पहिल्यांदा! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

"काय देताय त्याला?"

बाकावर एक काका. श्रावणात स्वेटर, वर कानटोपी.

"पनीर."

"पनीर!" ते सरकून जवळ आले. "उपास आहे का त्याचा?"

मी सगळं समजावलं. हीच चूक. माणसाने समजावू नये.

"म्हणजे भुंकला की पनीर."

"नाही काका, भुंकायच्या आधी."

"आणि भुंकला तर?"

"मग लांब जायचं."

"म्हणजे याने काही केलं नाही की याला पनीर." काका गप्प झाले. मग नदीकडे बघत म्हणाले, "मी 34 वर्षं प्रेसमध्ये काढली. नोटा छापल्या. एक नोट इकडची तिकडे नाही. पनीर सोडा, चहा कोणी विचारला नाही."

याला काय उत्तर देणार? मी "खरंय" म्हणालो. काकांनी ती परवानगी समजून पाउचमध्ये दोन बोटं घातली, एक तुकडा काढला आणि तोंडात टाकला.

मी बघतच राहिलो. माफीही.

"मीठ नाही," काका म्हणाले.

"कुत्र्यासाठी आहे ना, म्हणून."

"हां, बरोबर. बीपीवाल्यालाही चालेल." दुसरा तुकडा. "निफाडला आमच्या मळ्यात वाघ्या होता. द्राक्षाच्या बागेत बांधलेला. काय हिंमत दुसऱ्या कुत्र्याकडे बघेल! वडील नुसते खाकरायचे." तिसरा. "त्याला आम्ही शिळी भाकरी आणि ताक. पनीर आमच्या लग्नातसुद्धा नव्हतं." चौथा. "काय भाव पडतं हो हे?" भाव ऐकून हळहळत दोन एकदम. "फार आहे. पण पचतं बघा मला अजून सगळं."

मी अडवलं का नाही? तुम्ही अडवून दाखवा. सत्तरीचा माणूस वाघ्या कसा गेला हे सांगतोय, आवाज ओलावलाय, आणि हात तुमच्या पाउचमध्ये आहे. नेमका कोणत्या वाक्याला हात काढायचा?

वाघ्या गेला तेव्हाच नदीच्या बाजूने पांढरी पॉमेरियन आली. मोकळी. मालकीणबाई वीस पावलं मागे, फोनवर. पॉमेरियन थेट आमच्याकडे. कान. शेपूट. मी खर्रर्र करून हात घातला. पाउचमध्ये पनीरचा चुरा आणि मेडिकलची एक जुनी पावती.

पाणी मारुतीच्या डोक्यावरून गेलं.

28 किलो उजवीकडे सुटले, बेल्टची कडी माझ्या मनगटात, खाली पावसाचा चिखल. काही अंतर मी सँडलवर गेलो, काही गुडघ्यावर. "माफी! माफी!"

"अहो, नुसती माफी काय मागताय, आवरा त्याला!" मालकीणबाई किंचाळल्या. "आमची काही करत नाही!"

आणि मागून काका, उभे राहून, हात हलवत: "अहो, पनीर द्या त्याला! पनीर!"

गुडघा भरून येईल. पण ते "आमची काही करत नाही" अजून डोक्यात आहे. त्यांची मोकळी, माझा बांधलेला. धावून ती आली, आणि चार माणसांच्या नजरेत गुन्हेगार मी, कारण बेल्ट माझ्या हातात होता. लांबून मी रोज हात जोडून सांगतो, जरा थांबा, शिकवतोय त्याला. लोक त्याला 'या' समजतात. अंतर ही गोष्टच आपल्याकडे कोणाला मान्य नाही. एटीएममध्ये मागचा माणूस आपला पिन वाचतो. मिसळीच्या दुकानात मी शेवटचा पाव रश्श्यात बुडवत असतो तेव्हा माझ्या खुर्चीच्या पाठीवर पुढच्या गिऱ्हाइकाचा हात असतो. 2015 च्या कुंभात हे शहर रामकुंडावर खांद्याला खांदा लावून उभं होतं, 2027 ला पुन्हा राहील, त्याचं कौतुकच आहे. पण सकाळी साडेसहाला रिकाम्या पार्कात मला चाळीस फूट मिळू नयेत?

ताईंना फोन केला. म्हणाल्या, दोन दिवस फिरायला नेऊ नका. एकदा इतका खवळला की अंगातला ताण लगेच उतरत नाही. त्या माफीबद्दल बोलत होत्या. दोन दिवस आम्ही दोघं घरात पडून होतो.

आज सकाळी पुन्हा गेलो, मुद्दाम वेगळ्या बाजूने. बाकापासून चांगलं लांब उभा राहिलो. मास्तर जागेवर होता. माफीने पाहिलं, कान टवकारले. मी खर्रर्र केलं.

माफीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिकडे बाकावर कानटोपीनेही.