झोपल्या तर दहाही जणी होत्या

"पाच जणी जाग्या राहिल्या, पाच झोपल्या. ज्यांनी आधीच साठवलं होतं त्या वाचल्या. त्यांनी आपलं तेल कुणाला दिलं नाही, तुम्हीही देऊ नका. आजच बचत सुरू करा, उशीर केलात तर दार बंद!" दहा कुमारिकांच्या दाखल्याचं हे 'सार' एका मोबाइलवरून दुसऱ्यावर फिरत असतं. येशूने सांगितलेली ती गोष्ट थोडक्यात अशी: दहा कुमारिका दिवे घेऊन वराला सामोऱ्या जातात. पाच शहाण्या भांड्यात जादा तेल घेतात, पाच मूर्ख घेत नाहीत. वर उशिरा, मध्यरात्री येतो, मूर्खांचे दिवे विझू लागतात. शहाण्या त्यांना तेल देत नाहीत, म्हणून त्या विकत आणायला जातात, आणि तेवढ्यात वर येऊन लग्नघराचं दार बंद होतं. संदेश पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 25वा अध्याय उघडून पहिली तेरा वचनं वाचली, की यातलं फारसं काही शिल्लक राहत नाही.

आधी झोपेचं. पाचवं वचन सांगतं की वराला उशीर होऊ लागला, तेव्हा त्या सगळ्याच पेंगू लागल्या आणि झोपी गेल्या. सगळ्याच, म्हणजे शहाण्याही. मध्यरात्री हाक आली तेव्हा दहाही जणी उठल्या, आणि झोपल्याबद्दल कुणी कुणाला बोल लावला नाही. लोकांचा घोटाळा होतो तो तेराव्या वचनातल्या 'जागृत राहा'मुळे. पण त्याचा अर्थ डोळा लागू न देणं एवढाच असता, तर शहाण्यांनाही दाराबाहेरच राहावं लागलं असतं.

मग फरक कुठे पडला? सोबत आणलेल्या जादा तेलाच्या भांड्यात. मराठीत आपण 'दिवे' वाचतो आणि डोळ्यांपुढे पणती येते. मूळ ग्रीक शब्द 'लाम्पास' आहे. बायबलमधल्याच योहानाच्या शुभवर्तमानात, 18:3 मध्ये (अध्याय 18, वचन 3), येशूला धरायला आलेल्या लोकांच्या हातात जे आहे, त्यालाही हाच शब्द आहे आणि तिथे अर्थ मशाल असाच घेतात. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात 20:8 मध्ये माडीवरच्या दिव्यांनाही तोच शब्द वापरलाय, त्यामुळे इथे मशालच असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. तरी रात्री वराला सामोरं जायचं म्हटल्यावर मला मशालच पटते. काठीच्या टोकाला गुंडाळलेल्या चिंध्या, तेलात बुडवलेल्या. पेटतात झकास, पण तेल संपलं की चिंधीच जळायला लागते. नुसत्या भिजवलेल्या मशालीवर थोडा वेळ निभतो, रात्र निघत नाही.

म्हणजे मूर्ख पाच जणी आळशी नव्हत्या. त्या वेळेवर आल्या, दिवे घेऊन आल्या. वर लवकर येईल, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं. याच्या जरा आधी, 24:48 मध्ये, एक दुष्ट दास आहे. 'धन्याला यायला वेळ आहे' असं मनाशी म्हणून तो इतर दासांना मारतो आणि दारुड्यांबरोबर खातो-पितो. त्याचा हिशेब उलटा चुकला: धनी उशिरा येईल असं तो समजला, आणि धनी अचानक आला. मत्तयाने हे दोन दाखले लागोपाठ ठेवलेत. 'तो दिवस व ती घटका कोणालाच ठाऊक नाही' हे 24:36 मध्ये आधीच सांगून झालंय. तेव्हा भविष्याची तयारी म्हणजे अचूक अंदाज नव्हे. अंदाज दोन्ही बाजूंनी चुकला तरी निभावून नेता येणं, ही ती तयारी. लांबलेली वाट पाहणं हे या दाखल्याचं खरं अंग आहे, आणि त्या संदेशात नेमकं तेच नाही.

बचतीचा मुद्दा लवकर निकालात निघतो. याच शुभवर्तमानात 6:19 ला 'पृथ्वीवर आपल्यासाठी संपत्ती साठवू नका' असं आहे. लूक 12 मधला श्रीमंत माणूस मोठी कोठारं बांधायला निघतो आणि त्याच रात्री त्याचा प्राण मागितला जातो. बचत वाईट असं मी म्हणत नाही. बायबलच्याच नीतिसूत्रे 6:6 मध्ये आळशाला अन्न साठवणाऱ्या मुंगीकडे पाठवलंय. बचतीवर बोलायचंय ना, मग मुंगी आहे की! कुमारिकांना कशाला ओढायचं?

'कुणाला देऊ नका' हे मात्र सगळ्यात खटकणारं. शहाण्या जणी देत नाहीत, हे खरं. पण त्या कारण सांगतात: तेल आम्हाला आणि तुम्हाला, दोघांनाही पुरणार नाही. वाटून घेतलं असतं तर दहाही दिवे वाटेतच विझले असते. आणि हाच अध्याय संपतो कुठे? भुकेल्याला खायला दिलंत का, तहानेल्याला प्यायला दिलंत का, या प्रश्नांवर. तेल म्हणजे काय, हे दाखला सांगत नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखिया शहरात प्रवचनं देणाऱ्या ख्रिसोस्टोम या ख्रिस्ती धर्मगुरूने त्याचा अर्थ दानधर्म असा लावला. तेल विकणारे कोण, तर गोरगरीब. त्याच्या हिशेबाने मूर्ख जणींकडे तेल नव्हतं, कारण त्यांनी दिलंच नव्हतं.

राहिलं दार. ते बंद होतं, आणि हा भाग कठोरच आहे, मी तो मऊ करून सांगणार नाही. पण आतून 'उशिरा आलात' असं उत्तर येत नाही. उशीर तर वरालाच झाला होता. उत्तर येतं, 'मी तुम्हाला ओळखत नाही'. 'प्रभूजी, प्रभूजी' म्हणणाऱ्यांना 7:23 मध्ये मिळतं ते जवळपास हेच. त्या पाच जणींना मध्यरात्री तेल मिळालं की नाही, हेही मत्तय लिहीत नाही. कदाचित दार ठोठावताना त्यांची भांडी काठोकाठ भरलेली असतील.