कोणासाठी म्हणजे? माझ्यासाठी!

काल लक्ष्मी रोडवर पुन्हा तेच. 9 नंबरची हिलची सँडल मागितली. मी ट्रान्स बाई; माझा आवाज ऐकून दुकानदार म्हणतो, "कोणासाठी हवीये?" माझ्यासाठी! माझेच पाय घेऊन आलेय ना मी? मग म्हणे, "लेडीजमध्ये 9 येत नाही, जेंट्सला बघा." का येत नाही? मोठ्या पावलांच्या बायका नाहीत पुण्यात? मागे तुळशीबागेत 7 नंबरात पाय कोंबला, आठवडाभर अंगठा ठणकत होता.

रिक्षावाला आधी टाचा बघतो, मग चेहरा, मग भाडं सांगतो. ऑफिसात रोज, "आज काय विशेष?" काही नाही हो, कामाला आलेय!

आणि टाच म्हणे बाईचीच. इराणी घोडेस्वार रिकिबीत पाय घट्ट बसावा म्हणून टाचेचे बूट घालत. फ्रान्सचा चौदावा लुई लाल टाचांत दरबारात वावरायचा. त्याला विचारलं का कोणी, कोणासाठी घेतले म्हणून? 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, आपली लिंगओळख ठरवायचा हक्क ज्याचा त्याला. तरी काउंटरवर उलटतपासणी माझीच!

9 नंबर मागवून ठेवा. पैसे देतेय मी, फुकट मागत नाहीये.