सॅल्मनच्या नाकाची पावडर आणि गुडघ्याचं कार्टिलेज

सध्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. सॅल्मन माशाच्या नाकातल्या कूर्चेतून, म्हणजे कार्टिलेजमधून, काढलेलं प्रोटिओग्लायकॅन (साखरेच्या लांब साखळ्या लागलेलं प्रोटीन) रोज पाण्यातून घ्या, ते पेशींवर जाऊन बसतं, ग्रोथ फॅक्टर (पेशींना वाढीचा निरोप देणारी प्रोटीनं) पकडून ठेवतं, त्यामुळे झिजलेलं कार्टिलेज परत येतं, सुरकुत्या जातात, आणि नैसर्गिक असल्यामुळे साइड इफेक्ट शून्य, रिसर्चने सिद्ध वगैरे. (हा मेसेज पाठवणाऱ्या शुद्ध शाकाहारी काकूंनी 'मासा' हा शब्द वाचलाच नसावा.)

वैताग असा की यातलं एक वाक्य खरं आहे. पेशीच्या पृष्ठभागावर प्रोटिओग्लायकॅन असतात आणि ते ग्रोथ फॅक्टर धरतात, हे खरंच आहे. 1991 मध्ये हॅमस्टरच्या पेशींवर एक प्रयोग झाला होता, त्या पेशींना प्रोटिओग्लायकॅनवरची हेपरान सल्फेट ही साखरेची साखळी बनवताच येत नव्हती, तर रिसेप्टर (तो निरोप घेणारं पेशीवरचं प्रोटीन) असूनही एफजीएफ-2 हा ग्रोथ फॅक्टर त्याला नीट चिकटेना, आणि बाहेरून हेपरिन टाकलं की चिकटायला लागला. आता कोणी म्हणेल, बघा, बाहेरून टाकून चाललं की! अहो चाललं, पण लॅबमधल्या डिशमध्ये, थेट पेशींवर ओतून. मधे पोट नव्हतं.

आणि पोटाचाच तर सगळा घोळ आहे. हेपरिन हे हेपरान सल्फेटचं सख्खं भावंड, हॉस्पिटलमध्ये रक्त गोठू नये म्हणून देतात, आणि ते इंजेक्शननेच देतात कारण तोंडाने घेतलं तर जवळपास शोषलंच जात नाही. गोळीने काम झालं असतं तर कोणी सुई टोचून घेतली असती का? मग त्याहून कितीतरी मोठा असलेला अख्खा प्रोटिओग्लायकॅन आतड्यातून सहीसलामत पलीकडे जाऊन बरोब्बर गुडघ्यात उतरतो हे कसं मानायचं? त्यातलं प्रोटीन पचतं, साखळ्यांचा बराचसा भाग आतड्यातले बॅक्टेरिया खातात. केस गळतात म्हणून केस खाण्यातला प्रकार आहे हा.

बरं, समजा पोचला. तरी तो 'पेशीवर जाऊन बसणारा' नाहीच्चे! पेशीवरची मंडळी वेगळी, आपल्यात 4 प्रकारचे सिंडेकन आणि 6 प्रकारचे ग्लिपिकन, शिवाय बीटाग्लायकॅन वगैरे. सिंडेकन पेशीच्या पडद्यातून आरपार गेलेला असतो, ग्लिपिकन पडद्याला एका लिपिडच्या नांगराने अडकवलेला असतो, आणि हे सगळं पेशी आतूनच बनवून बाहेर पाठवते, साखळीवर सल्फेट कुठे लावायचं तेही पेशीतल्या गॉल्जी नावाच्या भागातच ठरतं. माशाच्या नाकात असतो तो मुख्यतः ॲग्रीकन. तो पेशींच्या बाहेर, कार्टिलेजमध्ये राहतो आणि पाणी धरून ठेवतो. चांगलाच आहे बिचारा, पण त्याचं खातं वेगळं. मेसेज लिहिणाऱ्याने एकाचं काम दुसऱ्याच्या नावावर खपवलंय.

'ग्रोथ फॅक्टर पकडतो म्हणजे वाढ होते' हे तर फारच भोळं आहे. बीटाग्लायकॅन पेशीवर असताना टीजीएफ-बीटा हा ग्रोथ फॅक्टर रिसेप्टरपर्यंत पोचवतो, पण त्याचा बाहेरचा तुकडा सुटून मोकळा फिरायला लागला की तोच टीजीएफ-बीटाला अडकवून ठेवतो आणि काम थांबवतो. म्हणजे सुटा, तरंगणारा पकडणारा असला तर उलटाच परिणाम. ग्लिपिकन-3 चं जीन बिघडलं तर सिम्पसन-गोलाबी-बेहमेल सिंड्रोम होतो, त्यात बाळाची वाढ कमी होत नाही, प्रमाणाबाहेर होते. आणि हाच ग्लिपिकन-3 लिव्हरच्या कॅन्सरमध्ये इतका वाढलेला सापडतो की पॅथॉलॉजिस्ट निदानासाठी त्याचा स्टेन (रंग लावून तपासणी) करतात. पावडरने कॅन्सर होतो असं मी अजिबात म्हणत नाहीये, ती तिथवर पोचतच नाही. पण 'वाढ' म्हटलं की आनंदाने उड्या मारू नका एवढंच.

रिसर्चचं म्हणाल तर कार्टिलेजमधलीच कॉन्ड्रॉइटिन सल्फेटची साखळी गोळीच्या रूपात नीट तपासली गेलीये. अमेरिकेतली गेट ट्रायल, 2006, गुडघेदुखीचे 1583 पेशंट. ग्लुकोसामिन, कॉन्ड्रॉइटिन, दोन्ही एकत्र, यातलं काहीच एकूण पेशंटमध्ये डमी गोळीपेक्षा ठळकपणे सरस ठरलं नाही. जास्त दुखणाऱ्या एका छोट्या गटात दोन्ही एकत्र घेऊन थोडा फायदा दिसला, विकणारे नेमकं तेवढंच सांगतात.

राहिलं 'नैसर्गिक'. माशाची ॲलर्जी पण नैसर्गिकच असते. हेपरिन डुकराच्या आतड्यातून काढतात, म्हणजे तेही नैसर्गिक, आणि डोस चुकला तर रक्तस्राव होतो. घरात कोणाला वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) चालू असेल तर कॉन्ड्रॉइटिनवाली कुठलीही पावडर सुरू करायच्या आधी डॉक्टरांना दाखवा, ग्रुप ॲडमिनला नाही.